दिवाणखाना : एक संयुक्त खाते

या सदरातून आजवर आपण नामनिर्देशन, मृत्युपत्र, मुदतठेवी, गृहकर्ज अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय थोडा निराळा आहे; परंतु तो घराशी, पैशाशी आणि घरातील माणसांच्या परस्परसंबंधांशी निगडित असल्यामुळे सदराच्या मर्यादेबाहेरचा मात्र नाही. विषय आहे घरातील संगीतश्रवणाचा. अधिक नेमके सांगायचे तर, जिथे सर्वांचीच ऊठबस असते अशा दिवाणखान्यात समाधान देणारी स्टिरिओ यंत्रणा कशी उभारावी याचा.

बँकेत संयुक्त खाते उघडताना अर्जात एक महत्त्वाचा रकाना भरावा लागतो : खात्याचा व्यवहार कोणी करावयाचा? कोणीही एकाने, की सर्वांनी मिळून? पुढे उद्भवणारे बहुतेक वाद हा रकाना विचार न करता भरल्यामुळे उद्भवतात, हे मी माझ्या नोकरीच्या काळात असंख्य वेळा पाहिले. आपला दिवाणखाना हेही असेच एक संयुक्त खाते आहे. फरक एवढाच की त्याचा हा रकाना कोणत्याही घरात कधी भरलेला नसतो. नको असलेल्या दृश्यावरून नजर फिरवता येते. कानाला मात्र पापणी नाही. त्यामुळे दिवाणखान्यात जो आवाज करतो तो सर्वांच्या शिलकेतून पैसे काढत असतो, आणि बहुधा त्याला त्याची जाणीवही नसते.

या अडचणीवर आजच्या पिढीने एक सोपा तोडगा काढला आहे, तो म्हणजे इअरफोन. ज्याचे त्याचे संगीत ज्याच्या त्याच्या कानात. भांडण नाही, तक्रार नाही. आमच्या सांगलीच्या घरातही हेच घडले. घरात माणसे सहा. त्यांपैकी पाचांचे स्वतंत्र इअरफोन. सहावी व्यक्ती म्हणजे माझी आई. तिचे वय ८६. दोन्ही कानांत श्रवणयंत्रे असल्यामुळे तिला इअरफोन लावता येत नाहीत. म्हणजे घरात शांतता नांदू लागली खरी, पण तिच्या वाट्याला संगीत म्हणून काही उरलेच नाही. जिने आम्हां भावंडांना रेडिओवरील गाणी ऐकत ऐकत वाढवले, तिच्यासाठी गाणे हा विषय दूरदर्शन संचाच्या पातळ आवाजापुरता शिल्लक राहिला. एके दिवशी ती सहज म्हणाली, “अरे, घरात सगळे काहीतरी ऐकत असतात, पण घरात काही ऐकू येत नाही.” या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता. तरीही गाणे पुन्हा दिवाणखान्यात आले पाहिजे, हे त्या दिवशी मनाशी निश्चित झाले.

हा विचार बोलून दाखवताच आक्षेप आले, आणि ते रास्त होते. चिरंजीव दिवसभर बाहेर असतात. त्यांना घरी आल्यावर निवांतपणा हवा असतो. सूनबाईंचे कार्यालयीन काम आठवड्यातून तीन दिवस घरूनच चालते. त्या म्हणाल्या, “बाबा, दुपारी दोन ते चार माझ्या मीटिंग असतात, तेवढे बघा.” नातू दहावीत. आमच्या सौ.ना मोठे काळे खोके बैठकीच्या मधोमध नको होते. आणि भिंतीपलीकडे शेजारी आहेत, त्यांना तर आपण विचारतही नाही. तेव्हा यंत्रणा निवडण्याआधी मी कागदावर या सर्वांच्या अटी लिहून काढल्या. कर्जाचा प्रस्ताव तपासताना आधी परतफेडीची क्षमता पाहावी आणि मग रक्कम ठरवावी, तोच हा क्रम.

वाचकहो, बाजारात गेल्यावर पहिला सामना होतो तो वॅटच्या आकड्याशी. एका दुकानात मला हजार वॅटची, पाच स्पीकर आणि एक भलामोठा सबवूफर असलेली यंत्रणा दाखवण्यात आली. घरासाठी खरोखर किती वॅट लागतात, याचा हिशेब आपण स्वतः करू शकतो. बहुतेक मध्यम स्पीकरच्या माहितीपत्रकात त्याची संवेदनशीलता दिलेली असते; ८६ डेसिबल हा सर्वसाधारण आकडा समजू. त्याचा अर्थ असा की एक वॅट शक्ती दिल्यास एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल आवाज मिळतो. आपण आठ फुटांवर बसलो तर अंतरामुळे त्यातून सात-आठ डेसिबल कमी होतात. दुसऱ्या स्पीकरमुळे सुमारे तीन वाढतात. म्हणजे केवळ एका वॅटमध्ये आपल्या आसनापाशी ८० डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचतो. हा आवाज घरात मोठाच म्हणावा लागेल. सुखाने ऐकण्याची पातळी ७० डेसिबलच्या आत-बाहेर असते. दहा डेसिबल कमी म्हणजे शक्ती एक दशांश. याचाच अर्थ, संथ आलापी चालू असताना आपण वॅटचा दहावा हिस्सा वापरत असतो. तबल्याची एखादी जोरकस थाप सरासरीपेक्षा वीस डेसिबलने उंच जाते असे धरले, तर तेवढ्या क्षणापुरती शंभरपट शक्ती लागते, म्हणजे दहा वॅट. तेव्हा प्रामाणिकपणे मोजलेले तीस-चाळीस वॅट मध्यम आकाराच्या दिवाणखान्याला पुरून उरतात. उरलेले नऊशे साठ वॅट हे न वापरलेल्या लॉकरचे भाडे आहे.

दुसरा प्रश्न सबवूफरचा. आपण काय ऐकणार, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. आमच्या घरी मुख्यत्वे शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीते आणि जुनी चित्रपटगीते ऐकली जातात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर वाजते. साडेपाच-सहा इंची वूफर असलेला एखादा चांगला बुकशेल्फ स्पीकर ६० हर्ट्झपर्यंत समाधानकारक उतरतो. म्हणजे खर्जापासून तारसप्तकापर्यंत आपले सर्व संगीत त्यात सामावते. त्याखालचा घुमारा चित्रपटांतील स्फोटांसाठी आणि काही आधुनिक संगीतासाठी लागतो. शिवाय हेच अतिमंद स्वर भिंतीतून शेजाऱ्यांकडे सर्वाधिक जातात. पडद्याने किंवा लाकडी दाराने ते अडत नाहीत. सबवूफर न घेतल्याने पैसे वाचले, जागा वाचली आणि शेजारधर्मही राहिला.

एकूण खर्चाची मर्यादा मी ६०,००० रुपये ठरवली. त्यातील निम्मी रक्कम स्पीकरच्या जोडीसाठी, सुमारे तीस टक्के ॲम्प्लिफायरसाठी आणि उरलेली रक्कम स्टँड, वायर, सतरंजी व पडदे यांसाठी. सतरंजी आणि पडद्यांचा या हिशेबात समावेश पाहून काहींना आश्चर्य वाटेल. परंतु आपण जे ऐकतो त्यात स्पीकरइतकाच खोलीचाही वाटा असतो. आपल्या आधुनिक घरांत गुळगुळीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि मोकळ्या भिंती असतात. अशा खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीनंतर बारीक झणझणाट ऐकू आला, तर गायकाच्या प्रत्येक शब्दामागे तोच झणझणाट चिकटणार हे समजावे. स्पीकर आणि बैठक यांच्यामध्ये जाड सतरंजी, खिडकीला वजनदार कापडाचा चुण्यांचा पडदा आणि मागच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट एवढ्याने फार मोठा फरक पडतो. कापड वरचे स्वर शोषते, तर पुस्तकांच्या कमीजास्त उंचीमुळे आवाज विखुरतो. आमच्या सौ.नी पडद्यांची मागणी कित्येक महिन्यांपूर्वीच नोंदवलेली होती. त्यामुळे या प्रस्तावाला त्यांची मंजुरी सर्वांत आधी मिळाली.

आता मांडणीविषयी. स्टिरिओची कल्पना जुनी आहे. ॲलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि स्टिरिओ ध्वनिमुद्रिका सर्वसामान्य बाजारात १९५८ च्या सुमारास आल्या. दोन कानांना मिळणाऱ्या आवाजातील सूक्ष्म फरकावरून आपला मेंदू दिशा ठरवतो. हाच फरक दोन स्पीकरच्या साहाय्याने निर्माण करायचा, हे तिचे तत्त्व. त्यासाठी दोन स्पीकर आणि श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो. आमचा दिवाणखाना सोळा फूट लांब आणि अकरा फूट रुंद आहे. अकरा फुटी भिंतीपुढे, तिच्यापासून दीड फूट अंतर सोडून, दोन्ही स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर ठेवले. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून दोन-दोन फूट जागा उरली. बैठक आठ फुटांवर. तिच्यामागे जेवणाचे टेबल. वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा यासाठी स्टँड घेतले. स्पीकर कोपऱ्यात सरकवण्याचा मोह प्रत्येक घरात होतो, कारण तिथे तो अडचण करत नाही; पण कोपऱ्यातील दोन्ही भिंती मंद स्वरांना अवास्तव फुगवतात आणि डग्ग्याचा बोल रिकाम्या पिंपासारखा ऐकू येतो.

येथे एक मूलभूत पेच आहे, आणि संयुक्त कुटुंबाने तो समजून घेतला पाहिजे. समभुज त्रिकोणाला एकच शिरोबिंदू असते. स्टिरिओचा पूर्ण लाभ एकाच खुर्चीला मिळतो. बाकीच्यांना जवळचा स्पीकर मोठा आणि दूरचा लहान ऐकू येतो. अनेक घरांत ही खुर्ची आपोआप कर्त्या पुरुषाची होते आणि इतर मंडळी हळूहळू तिथून उठून जातात. यावर एक उपाय आहे. दोन्ही स्पीकर आतल्या बाजूस एवढे वळवावे की त्यांच्या समोरच्या रेषा श्रोत्यांच्या डोक्यापाशी नव्हे, तर त्यांच्या पुढे दीड-दोन फुटांवर एकमेकींना छेदतील. मग डावीकडे बसलेला माणूस डाव्या स्पीकरच्या जवळ असला तरी त्याच्या थेट रेषेबाहेर जातो आणि उजव्या स्पीकरच्या रेषेत अधिक येतो. जवळ असण्याचा फायदा आणि रेषेबाहेर असण्याचा तोटा यांची अंशतः वजावट होते. मधल्या खुर्चीचे सुख थोडे कमी होते. परंतु बैठकीवरील तिघांनाही गायक समोरच गातो आहे असे वाटते. हा व्याजदर मला परवडणारा वाटला.

मांडणी बरोबर झाली की नाही, हे तपासण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. एखादे जुने एकमार्गी, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण लावावे. पुणे आकाशवाणीवरून १९५५ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’च्या काळातील ध्वनिमुद्रणे मोनोच आहेत. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज येत असल्यामुळे गायक दोहोंच्या बरोबर मध्ये, हवेत उभा असल्यासारखा वाटला पाहिजे. तो एका बाजूस सरकत असेल तर अंतरे पुन्हा मोजावीत. आवाजाला ठिकाणच सापडत नसेल आणि खर्जही नाहीसा झाला असेल, तर बहुधा एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट जोडल्या गेल्या आहेत; त्या सरळ कराव्यात. वायरीवर अमाप खर्च करण्याचे कारण नाही. घराच्या विद्युतजोडणीत वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर पाच मीटर अंतरासाठी उत्तम. तिचा जाऊन-येऊन विरोध ओहमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो, आणि स्पीकरचा सर्वसाधारणतः आठ ओहम असतो. मात्र सर्व उपकरणे एकाच बोर्डावर, अर्थिंग व्यवस्थित असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर असावीत. वेगवेगळ्या बोर्डांवरून जोडणी झाल्यास पुष्कळदा मंद गुणगुण मागे लागते. स्पीकरच्या खाली रबरी चकत्या ठेवाव्यात, म्हणजे कंपने फरशीत उतरत नाहीत.

सामायिक घरात ऐकणे हे प्रायः हळू आवाजातच होणार, हे गृहीत धरूनच ॲम्प्लिफायर निवडावा. आवाज कमी केला की मंद स्वर आपल्या कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे, ते याच कारणासाठी. ज्या यंत्रावर असे बटण, निदान बास आणि ट्रेबल यांचे वेगळे नियंत्रण आहे, तेच घ्यावे. शुद्धतावादी मंडळी त्याला नाके मुरडतात. परंतु रात्री नऊ वाजता, शेजारच्या खोलीत मूल अभ्यास करत असताना, हेच बटण गाण्याला त्याचा पाया परत देते.

स्वरांचा समतोल ठरवताना मी शेवटचा शब्द नातवाला दिला. वाढत्या वयात वरचे स्वर ऐकण्याची शक्ती कमी होत जाते, हा निसर्गनियम आहे. साठीनंतरच्या माणसाने ट्रेबल स्वतःच्या कानाने ठरवला, तर तो नकळत वाढवून ठेवतो आणि तरुणांच्या कानाला तो टोचतो. नातू म्हणाला, “आजोबा, झांजा टोचतायत, थोडं कमी करा.” थोडे कमी केले. मला फरक कळला नाही. त्याला कळला, एवढे पुरे.

आईचा प्रश्न मात्र स्वतंत्र होता. तिच्यासाठी सर्वांवर आवाज वाढवणे योग्य नव्हते. येथे अंतराचा नियम कामी आला : अंतर निम्मे केले की स्पीकरकडून थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो. तिची आरामखुर्ची उजव्या स्पीकरपासून चार फुटांवर, किंचित बाजूला ठेवली. इतरांच्या कानावर काहीही भार न टाकता तिला हवा तेवढा आवाज मिळाला. तरीही तानपुरा सुरू झाला की तो मधूनच थरथरतो, पाण्यात बुडाल्यासारखा होतो, असे ती सांगे. श्रवणतज्ज्ञांना विचारल्यावर उलगडा झाला. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे समजावे यासाठी घडवलेली असतात. यंत्राची स्वतःची शिट्टी थांबवण्यासाठी त्यात जी योजना असते, ती तानपुऱ्याच्या अखंड स्वरालाही शिट्टी समजून दाबू पाहते. त्यांनी यंत्रात संगीतासाठी वेगळी मांडणी भरून दिली. एक बटण दाबले की ती सुरू होते. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे श्रवणयंत्र वापरतात त्यांनी हे अवश्य विचारून घ्यावे. बऱ्याच श्रवणयंत्रांत ही सोय असते. ती सुरू करून घ्यावी लागते, इतकेच.

आणि आता तो न भरलेला रकाना. यंत्रणा सुरू होण्यापूर्वी सर्वांनी बसून चार कलमे ठरवली आणि ती कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. पहिले, शांततेच्या वेळा : सूनबाईंच्या मीटिंगचे दोन तास, नातवाची संध्याकाळची अभ्यासाची वेळ, आणि आईच्या सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे. (‘सामायिक’ या शब्दाचे आपल्या घरांत दोन अर्थ आहेत आणि येथे दोन्ही लागू पडतात.) दुसरे, आवाजाच्या खटक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यापुढे सर्वसंमतीशिवाय जायचे नाही. तिसरे, रात्री दहानंतर बंद. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांत निवासी भागातील परिसराच्या आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल दिली आहे. कायद्याचा बडगा नको, पण सभ्यतेचा मापदंड म्हणून हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. चौथे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : घरातील कोणीही, कारण न सांगता, गाणे थांबवू शकतो. धनादेशाचे पेमेंट थांबवण्याचा अधिकार खातेदाराला असतो, तसाच हा अधिकार.

हे चौथे कलम ऐकून एका मित्रांनी शंका काढली, की मग गाणे कधी पूर्ण तरी होते का? अनुभव उलटा आला. थांबवण्याचा अधिकार हाती असल्यामुळे कोणालाच आवाजाची धास्ती उरली नाही, आणि गेल्या आठ महिन्यांत तो अधिकार मोजून पाच वेळा वापरला गेला. त्यांतील तीन वेळा तो सूनबाईंनी वापरला, एकदा चिरंजीवांनी आणि एकदा आईने. आईने वापरला तो नातवाच्या आवडीच्या गाण्यावर. मात्र पुढच्या शनिवारी तिने तेच गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि त्यातील ढोल कुठल्या बाजूने येतो, याची त्याच्याकडून चौकशी केली. दर शनिवारी संध्याकाळी एक तास सर्वांनी एकत्र ऐकायचे आणि गाणे आळीपाळीने निवडायचे, अशी पद्धत त्यानंतर आपोआप पडली. त्या तासात पाचजणांचे इअरफोन टेबलावर असतात असा माझा दावा नाही. चिरंजीव पुष्कळदा वर्तमानपत्र वाचत बसतात आणि सौ. भाजी निवडतात. पण गाणे सर्वांचे एकच असते.

सुज्ञ वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. स्टिरिओ घेण्याचा विचार असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी एक फीत घेऊन दिवाणखाना मोजावा, एक टाळी वाजवावी, आणि घरातील प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत : तुला काय ऐकायला आवडेल, आणि तुला शांतता कधी हवी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहून घ्यावे. त्यानंतर यंत्राची निवड फारशी अवघड राहत नाही.